खाली राहिलेला फोन

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी काम. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, तिसऱ्याला आपण भांडतो आणि मग आईला मधे पडावं लागतं. म्हणून ही मेल.

आमच्या रुग्णवाहिका कंट्रोल रूममधला फोनचा सर्व्हर हलणार आहे. तोच, ज्याचं कर्नेल तू स्वतः बसून कापूनकुपून, घासूनपुसून दिलं होतंस. ते धूड आता म्हातारं झालंय. पंखा असा घोंघावतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. वरून हुकूम आलाय की ऑफिसातले सगळे सर्व्हर व्हर्च्युअल करून टाका. म्हणजे एकाच मोठ्या खऱ्या यंत्राच्या पोटात दहा-बारा मानलेली यंत्रं, आणि प्रत्येकाला वाटणार की घर आपलं एकट्याचं आहे. हलवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

काल जेवताना आईने विचारलं, कर्नेल म्हणजे नक्की काय गं, माझा भाऊ आयुष्यभर करतो तरी काय? मी सांगितलं, कंप्युटर चालू झाला की सगळ्यांत आधी उठतं ते कर्नेल. बाकीच्यांना उठवायचं, कोणाला किती जागा, कोणाची पाळी कधी हे ठरवायचं, घड्याळ सांभाळायचं. आई म्हणाली, म्हणजे घरातली बाई. आणि वर म्हणाली, ढब्बूला हे कसं जमलं? चिडू नकोस. इतकी वर्षं ती त्याच खोलीत कानाला हेडफोन लावून लोकांचे फोन उचलतेय, आणि नवीन कोणी आलं की सांगते की हे यंत्र माझ्या भावाने बसवलंय. तुझ्या तोंडावर कौतुक करायची आपल्या घरात पद्धत नाही, एवढंच.

तर मुद्दा असा. तुझं कर्नेल व्हर्च्युअल यंत्रात चालेल ना? काही सांभाळायचं असेल तर कळव.

तुझी,
ठिणगी


६ फेब्रुवारी

ठिणगे,

नका हलवू.

तुमच्या साहेबांना एक नवा शब्द सापडला की सगळं ऑफिस त्या शब्दात कोंबायचं, हा रोग मला चांगला माहीत आहे. स्वतःचं घर सोडून पोटभाडेकरू व्हायचं आणि वर त्याला प्रगती म्हणायचं. शेजारच्या खोलीत पगाराची कामं जोरात निघाली की तुमचा फोन दारात ताटकळणार. मी ते कर्नेल त्या लोखंडाच्या अंगावर माप घेऊन शिवलंय. त्यातली अडगळ एकेक करून हाताने उपसली आहे. वेगाच्या चाचणीत माझ्यासमोर तीन बड्या कंपन्या उतरल्या होत्या. तिघींनाही धूळ चारली म्हणून तुमचं काम मला मिळालं, साहेबांच्या मेहेरबानीने नाही.

आता तुम्ही ते उचलून डब्यात भरणार आणि मला विचारणार, चालेल का? चालेल. धावेलसुद्धा. माझ्या हातचं आहे ते. पण करू नका. नवीन लोखंड घ्या म्हणावं साहेबाला, त्याच्या केबिनमध्ये दरवर्षी नवा सोफा येतोच की.

अक्काला सांग, घरातली बाई म्हणालीस ते खरं आहे. तिच्याकडेही कोणी वळून बघत नाही.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पानभर शिव्या, आणि त्यात कामाचा शब्द एकच, "चालेल". तेवढा उचलते. "करू नका" याला तू कारण दिलेलं नाहीस, आणि तुझ्या रागाला कारण लागत नाही हे घरात सगळ्यांना पाठ आहे. तुझं लोखंड भंगारात चाललंय म्हणून तुला वाईट वाटतंय. मलाही वाटतंय. पण साहेबाला मी "माझ्या मामाला आवडलं नाही" असं लिहून देऊ शकत नाही.

हलवतेय. नीट झालं की कळवते.

ठिणगी


२१ मार्च

मामा,

तुमचं कर्नेल हलवलं, ते नीट चाललंही, म्हणून कळवायचं राहिलं. आता कळवते.

मंगळवारी भर दुपारी एक माणूस गेला. छातीत कळ आली, घरात तो आणि त्याची मुलगी. मुलीने आमच्याकडे फोन लावला आणि वीसेक मिनिटं तो कोणी उचलला नाही. टेलिफोन कंपनीची नोंद तसं सांगते. आमच्या सर्व्हरची नोंद सांगते की त्या फोनने वाट पाहिली शून्य. आला आणि लगेच उचलला. उचलणारी माझी आई.

दोन नोंदी जुळत नाहीत म्हटल्यावर साहेबांना अर्थ लावायला वेळ लागला नाही. बाईंनी फोन वाजत ठेवला, आणि बाईंची मुलगी सर्व्हर सांभाळते, तिने आईला वाचवायला नोंद बदलली. आईला घरी बसवलंय. माझ्याकडून सर्व्हर रूमची किल्ली चारचौघांत काढून घेतली. चौकशी समिती नेमली आहे. तिच्यासमोर मला आधी हे सिद्ध करायचंय की मी चोर नाही, आणि मग हे की आई खुनी नाही.

मी नोंदीला बोट लावलेलं नाही. हे सख्ख्या मामाला लिहावं लागतंय याचाच संताप येतोय.

एक गोष्ट मला आठवते. त्याच दुपारी मी फोनचं व्हर्च्युअल यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेलं होतं, चालू असतानाच. त्यातली मोठी सोय तीच आहे. खालचं लोखंड बदलतं आणि आतल्याला पत्ताही लागत नाही. किल्ली जायच्या आधी मी एवढंच पाहू शकले की हलवल्यावर घड्याळ पळायला लागलं होतं. ते का, हे तुम्हालाच माहीत असणार. घड्याळाचं काय करून ठेवलंय तुम्ही? आजच्या आज लिहा.

तुमची भाची


२४ मार्च

ठिणगे,

"तुम्ही"? लंगोट होता तेव्हापासून तू मला अरेतुरे करतेस. भांडायचं असेल तर तू म्हणूनच भांड, ते मला कमी लागतं.

मी "करू नका" लिहिलं होतं. पांढऱ्यावर काळं आहे. आता माझ्या अंगावर कशाला येतेस? चालतं यंत्र उचलून दुसऱ्या लोखंडावर ठेवायची हौस तुमची. ज्याचं माप घेऊन कपडा शिवला तो माणूसच बदललात, आणि शिंप्याला विचारताय की उसवलं का?

विचारलंस म्हणून सांगतो. प्रोसेसरचे ठोके मोजून कर्नेल वेळ सांगतं. ठोका किती जलद, हे ते उठताना एकदाच मापून घेतं. साधं कर्नेल मधूनमधून दुसऱ्या एका घड्याळाकडे पाहून खात्री करून घेतं. मी ते पाहणं बंद केलं, कारण त्या लोखंडाचा ठोका कधीच चुकत नव्हता आणि पाहण्यात वेळ जातो. कर्नेल व्हर्च्युअल यंत्रात असेल तर त्याने खालच्या यजमानाला, म्हणजे त्या मोठ्या खऱ्या यंत्राला, वेळ विचारायची असते. तो भागही मी काढून टाकला, कारण माझं कर्नेल कोणाच्या घरी पाहुणं जाणारच नव्हतं. नव्या सर्व्हरचा ठोका जलद असेल तर घड्याळ पळणारच. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नाही की तू घर बदललंस.

अक्का कशी आहे? तिने उशीर केला नसणार. एवढं मी कोणासमोरही सांगेन.

मामा


२६ मार्च

मामा,

तीन दिवस मी कागदावर हे मांडतेय, आता तुमच्या मेलने जागेवर बसलं. वाचा, आणि चुकत असेन तर सांगा.

घड्याळ पळत पळत खऱ्या वेळेच्या पाऊण तास पुढे गेलं. नेमका तेव्हा त्या मुलीचा फोन आला. सर्व्हरने त्याच्यावर शिक्का मारला पाऊण तास पुढच्या वेळेचा. थोड्याच वेळात वेळ दुरुस्त करणारा प्रोग्राम जागा झाला आणि त्याने घड्याळ ओढून जागेवर आणलं. त्यानंतरच्या फोनांवर खरी वेळ पडली. आमच्या पडद्यावर जुना फोन वर आणि नवा फोन खाली असतो. म्हणजे नंतर आलेला प्रत्येक फोन तिच्या वर जाऊन बसला. ती आपली तळाला. आणि पडद्यावर तिच्यासमोर शून्य, कारण यंत्राच्या हिशोबाने ती अजून आलीच नव्हती.

त्या खोलीत चौघी जणी नियमाप्रमाणे वरचा फोन उचलत होत्या. आईच्या लक्षात आलं की तळातला एक शून्य हलत नाहीये. तिने रांग मोडून तो उचलला. म्हणून नोंदीत तिचं नाव लागलं. नियम पाळणाऱ्या तिघी कामावर सुखरूप आहेत. जिने डोळे उघडे ठेवले तिची चौकशी चालू आहे.

आता तुमच्या "करू नका" बद्दल. साहेबांचा सोफा लिहिलात, धूळ चारल्याचं लिहिलंत. "घड्याळ" हा एक शब्द लिहिला असतात तर मी यंत्राला हात लावला नसता. मी फक्त "चालेल" तेवढं वाचलं, ही माझी चूक आहे आणि ती मी समितीला सांगणार आहे. पण घड्याळाबद्दल मी बोलले तर ते म्हणतील, पोरगी आईसाठी गोष्टी रचते. ते तुमच्या तोंडून यायला हवं. समितीला लिहून द्या. साध्या भाषेत, सही करून.

तुमची भाची


९ एप्रिल

मामा,

पंधरवडा झाला. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाही. तुमच्या ऑफिसातल्या बाईंनी मला सांगितलं की सर बाहेरगावी आहेत, आणि मागे तुम्ही कोणावर तरी खेकसत होतात ते मला स्वच्छ ऐकू आलं.

समिती येत्या आठवड्यात बसते. आई सकाळी उठून कपाटं आवरते, दुपारी तीच कपाटं पुन्हा काढते. शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलं, काय हो, रजा का? आई म्हणाली, नाही, मला काढलंय. काकूंनाच कुठे बघावं कळेना.

एवढं सगळ्यांना टाकून बोलणारा माणूस आता मूग गिळून का बसलाय, हे मला समजत नाही. की समजतंय, आणि तेच सहन होत नाहीये.

ठिणगी म्हणू नका मला आता.


११ एप्रिल

पोरी,

निवेदन पाठवलं समितीला. सोबत प्रत जोडली आहे. मुख्य वाक्य तुझ्यासाठी इथेच देतो: "सदर कर्नेल आभासी यंत्रात वापरल्यास विशिष्ट परिस्थितीत वेळेच्या नोंदीत किरकोळ विसंगती संभवते." एवढ्याने तुम्ही दोघी सुटाल. वकिलाला दाखवून घेतलंय.

गप्प का बसलो ते ऐक, आणि मग हवं ते म्हण. हेच कर्नेल आणखी नऊ ठिकाणी आहे. अग्निशमन दलात आहे, दोन हॉस्पिटलांत आहे, एका धरणाच्या दारांच्या खोलीत आहे. सगळीकडे मी वेगाच्या जोरावर शिरलो, आणि तो वेग या घड्याळाच्या युक्तीतून आला. मी उघडपणे लिहिलं की माझ्या हातचं चुकलं, तर दुकानाला टाळं. माझ्याकडे माणसं आहेत, त्यांची पोरं शाळेत आहेत. मी सगळ्यांना हळूहळू नवी आवृत्ती म्हणून बदलून देतो. कोणाला कळायचं कारण नाही. यात कोणाचं नुकसान आहे सांग.

आणि मला राग येतोच आहे. ज्यांनी ते हलवलं त्यांचा येतो, तुझ्या साहेबाचा येतो, आणि सगळ्यांत जास्त कोणाचा येतो ते लिहीत नाही.

मामा


१३ एप्रिल

ढब्बू,

हे मी हाताने लिहितेय, ठिणगी फोटो काढून पाठवेल. तुझी मेल ती मला दाखवणार नव्हती. मी मागून घेतली.

किरकोळ विसंगती. दोनदा वाचलं मी ते. तो शब्द लिहिताना तुला तुझीच लाज कशी वाटली नाही?

ऐक, तुला कोणी सांगितलं नसेल. मी तो फोन उचलला आणि नेहमीचं वाक्य बोलले, पत्ता सांगा, गाडी निघते. पलीकडे ती मुलगी होती. रडत नव्हती. म्हणाली, "आता घाई नाही." एवढंच. मग तिने पत्ता सांगितला, सावकाश, जिन्यावरून कसं यायचं तेसुद्धा. मी गाडी पाठवली. नंतर हेडफोन काढला तर माझे कान दुखत होते, आणि अजून दुखतात.

तू मला सोडवायला निघालास. मला नाही सुटायचं असं. नऊ ठिकाणं म्हणतोस ना? नऊ ठिकाणी माझ्यासारखी कोणीतरी बसली आहे पडद्यासमोर. तिला वाटतं, पडदा सांगतो ते खरं. उद्या तिथल्या साहेबालाही तो नवा शब्द सापडेल. तू हळूहळू बदलून देणार म्हणजे कधी? ते हलवायच्या आधी, की एखादा माणूस गेल्यावर?

माणसांची पोरं शाळेत आहेत म्हणतोस. त्या मुलीचा बाप गेला. माझ्यासमोर पोरांचं नाव काढू नकोस.

"संभवते" लिहू नकोस. "झालं" लिही. काय झालं, कशामुळे, कोणी केलं. नऊही जणांना लिही, एकाच दिवशी. आणि समितीला कागद पाठवू नकोस, तिथे जा. लहान होतास तेव्हा काहीतरी फुटलं की तू माझ्या मागे लपायचास आणि मी आईला सांगायचे की माझ्या हातून पडलं. आता माझं वय झालं, मागे जागा नाही.

अक्का


१७ एप्रिल

अक्का,

गेलो होतो समितीपुढे. पडद्यावर मांडून दाखवलं, कोणता फोन कुठे गेला आणि का. मग अध्यक्ष म्हणाले, आपण "तांत्रिक बिघाड" असं लिहू या, म्हणजे कोणालाच त्रास नको. मी त्यांच्यावर ओरडलो. बिघाड नाही हो, म्हटलं, यंत्राने मी सांगितलं तेच केलं. साहेब मला समजावायला लागले. ज्या माणसाने तुम्हा दोघींना चोर ठरवलं तो मला म्हणतो, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पाण्याचा ग्लास माझ्या हातून टेबलावर सांडला. चुकून नाही.

नऊ जणांना लिहिलं. "झालं" असंच लिहिलं. दोघांनी नोटिसा पाठवल्या, तिघांनी काम काढून घेतलं. हॉस्पिटलातल्या एकाने फोन करून मनसोक्त शिव्या घातल्या आणि शेवटी सांगितलं की पुढच्या आठवड्यात ते हलवणारच होते.

तू आणि ठिणगी निर्दोष आहात, हे त्यांनी माझ्यादेखत लिहिलंय. आता तरी माझ्याशी बोल.

ढब्बू


२ मे

ढब्बू,

कामावर परत गेले. यंत्रात साधं कर्नेल घातलंय, जे खाली विचारून मगच वेळ सांगतं. ठिणगीने बसवलं. तिला किल्ली परत मिळाली तेव्हा ती साहेबांना म्हणाली की माझ्याकडून घेतलीत तशीच द्या, चारचौघांत. दिली त्यांनी. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

नोटिसांचं ऐकलं. दुकान अर्धं बंद करावं लागलं तेही कळलं. वाईट वाटलं, आणि तरीही माझा राग गेलेला नाही. तो जाईल तेव्हा जाईल. मी घाई करणार नाही.

काल ती मुलगी घरी आली होती. पत्ता तिला समितीच्या कागदावरून मिळाला म्हणे. मला वाटलं भांडायला आली. पायपुसण्यापाशी चपला काढून बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, मला सगळं पहिल्यापासून सांगा, मला त्यांच्या कागदातलं काही कळलं नाही. मी सांगितलं, ठिणगीने मदत केली. ती नीट ऐकत होती. तिचा फोन वाजत होता का, हे तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, हो, दिसत होता, सगळ्यांत खाली. ती म्हणाली, मला वाटायचं मी नंबर चुकीचा लावला.

मग तिने विचारलं, ते दुसऱ्या घड्याळाकडे पाहणं बंद केलं, त्याने एका फोनमागे किती वेळ वाचत होता?

मी ठिणगीकडे पाहिलं. ती उठून आत गेली. मी मागून गेले तर ओट्याला धरून उभी होती. मला हळू आवाजात म्हणाली, आई, पापणी लवायला लागतो त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकासुद्धा नाही, मी हे तिला कसं सांगू?

मलाही सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना फोनवर काय काय सांगितलं, पण हे माझ्या तोंडून निघेना.

रविवारी दुपारी ती परत येणार आहे. मी तिला सांगितलंय की ज्याने तो वेळ वाचवला, तोच समोर बसून सांगेल. जेवून येऊ नकोस, जेवायला इथेच ये, म्हणजे पळून जाता येणार नाही. येशील का असं मी विचारत नाहीये.

अक्का